मिसिंगचा माग

पेट्रोल इंजिन बिघडते तेव्हा ते सहसा एकदम बंद पडत नाही; त्याआधी कित्येक दिवस ते अडखळत चालते. वाशीच्या खाडीपुलावरील कोंडीत उभ्या असलेल्या गाडीचे स्टिअरिंग थरथरणे, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही रेस वरखाली होणे, उड्डाणपूल चढताना पिकअप न मिळणे आणि सायलेन्सरमधून सलग आवाजाऐवजी तुटक फटफट ऐकू येणे ही त्याची परिचित लक्षणे असून गॅरेजमध्ये या सर्वांना मिळून ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. मिसिंग म्हणजे इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याच्या आत वरखाली सरकतो त्या नळकांड्यात, ठरलेल्या क्षणी इंधन न पेटणे किंवा अर्धवट पेटणे. याचे कारण एखाद्या चिरलेल्या रबरी नळीपासून जळालेल्या व्हॉल्व्हपर्यंत काहीही असू शकते, आणि म्हणूनच तपास न करता आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर असे सुटे भाग बदलत सुटण्याची जी पद्धत रूढ झाली आहे ती आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या प्रकारात मोडते. वस्तुतः प्लगपाना, पक्कड, मल्टिमीटर आणि तीन साधे गेज एवढ्या सामग्रीवर बहुतेक गाड्यांचे निदान होऊ शकते. मात्र चाचण्यांचा क्रम पाळावा लागतो.

क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनची सरळ हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा. त्याच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गाडी जागेवर उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा पेटतो, आणि चार सिलिंडर मिळून सेकंदाला २६-२७ ठोके पडतात, जे कानाला सलग गुणगुणण्यासारखे भासतात. त्यांतला एक सिलिंडर गप्प झाला की सेकंदाला सहा-सात खळगे पडू लागतात आणि ते कानालाही कळतात, हातालाही कळतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात, जसे मारुती ८००चे ७९६ सीसीचे इंजिन होते, एक सिलिंडर गेला की तिसरा हिस्सा ताकद जाते आणि गाडी अक्षरशः हलू लागते. याउलट सगळेच सिलिंडर सारखे दुबळे झाले असतील तर ठेक्यात खंड पडत नाही, केवळ दम कमी पडतो. म्हणून इंजिन लंगडते आहे की त्याला धाप लागली आहे, हा तपासातील पहिला प्रश्न होय. लंगडणाऱ्या इंजिनाचा दोष एका सिलिंडरपाशी असतो, तर धाप लागलेल्या इंजिनाचा दोष सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागांत, म्हणजे हवेच्या फिल्टरमध्ये, इंधनपंपात, ठिणगीच्या टाइमिंगमध्ये किंवा कोंदलेल्या सायलेन्सरमध्ये असतो. हे ठरवायला अवजारही लागत नाही: कागदाची एक पट्टी सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरली असता निरोगी इंजिनात ती एकसारखी बाहेर ढकललेली राहते, एखादा सिलिंडर चुकत असेल तर ठरावीक अंतराने फडफडते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला असेल तर मधूनच आत ओढली जाते.

इंधन पेटण्यासाठी चार गोष्टी लागतात: हवा आणि इंधन यांचे योग्य मिश्रण, ते दाबले जाणे, पुरेशी ठिणगी, आणि ती ठिणगी योग्य क्षणी पडणे. शुद्ध पेट्रोलसाठी एक किलो इंधनामागे सुमारे १४.७ किलो हवा हे आदर्श प्रमाण मानले जाते. हवा यापेक्षा अधिक झाली तर मिश्रण ‘लीन’, म्हणजे विरळ, आणि इंधन अधिक झाले तर ‘रिच’, म्हणजे दाट, असे म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत हे प्रमाण कार्बोरेटर राखत असे आणि ठिणगीचा क्षण सीबी पॉइंट नावाची यांत्रिक स्विचजोडी ठरवत असे, त्यामुळे फीलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पत्र्यांचा जुडगा आणि एक स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर मुंबईचे टॅक्सीवाले आपली गाडी रस्त्याच्या कडेला जुळवून घेत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून पद्मिनी नाहीशी झाली. आजच्या गाडीत हीच दोन्ही कामे संगणक करतो. काम करणारा बदलला तरी इंजिनाच्या गरजा त्याच राहिल्या आहेत, ही गोष्ट दोष वाचणारा स्कॅनर हातात घेणाऱ्या अनेकांच्या लक्षात राहत नाही.

नवी मुंबईत मिसिंगच्या कारणांना काही स्थानिक रंग आहे. येथील पुष्कळ नोकरदार आठवडाभर हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने कामावर जातात आणि गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहते, त्यामुळे बॅटरी उतरते, टाकीतले पेट्रोल जुने होते आणि इंजिनाच्या उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात. ठाणे खाडीची खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी शोषते. शोषलेले पाणी मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा एकत्र थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे पंप जेथून इंधन उचलतो तेथेच, जमा होतो. दीर्घकाळ उभ्या गाडीचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ते अर्धा तास स्थिर ठेवल्यास हा थर डोळ्यांना दिसू शकतो. हे काम उघड्या जागी आणि आगीपासून दूर करावे, हे वेगळे सांगायला नको.

अवजार हाती घेण्यापूर्वी दोष केव्हा प्रकट होतो याची नोंद करणे हा तपासातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. केवळ सकाळी थंड असताना अडखळणारे इंजिन, केवळ पावसात अडखळणारे इंजिन आणि केवळ चढावर अडखळणारे इंजिन हे तीन वेगळे रोगी असतात. सिलिंडरमधील दाब वाढला की प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी उडवण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते, म्हणून ते पुरवणारी कमकुवत कॉइल पाम बीच रस्त्यावर सपाटीने चालताना निभावून नेते आणि खोपोली सोडून खंडाळ्याचा घाट लागला, पाय खाली गेला, की दगा देते. आयडलिंगला लंगडणारी आणि वेग घेताच सुरळीत होणारी गाडी मात्र बहुधा कुठूनतरी चोरून हवा ओढत असते, कारण आयडलिंगला इंजिनाला हवा थोडीच लागते आणि त्या थोडक्या हवेत फटीतून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो.

या भागात सीएनजी आणि पेट्रोल या दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, आणि अशा गाडीच्या डॅशबोर्डवरील इंधनबदलाचे बटण हे वास्तविक निदानाचे उत्तम साधन आहे, जे मालकाने गाडीबरोबरच विकत घेतलेले असते. दोन्ही इंधनांसाठी प्लग, कॉइल, व्हॉल्व्ह आणि पिस्टन तेच असतात. वेगळे असतात ते फक्त इंधन पोचवणारे भाग. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही इंधनांवर ते आळीपाळीने चालवून पाहावे. केवळ पेट्रोलवर मिसिंग येत असेल तर ठिणगी आणि दाब जवळजवळ निर्दोष ठरतात आणि संशय पेट्रोलच्या पंपावर, फिल्टरवर किंवा इंजेक्टरवर, म्हणजे इंधनाचा बारीक फवारा सोडणाऱ्या विद्युत झडपेवर जातो. वर्षभर सीएनजीवरच चालवलेल्या गाडीचे पेट्रोल इंजेक्टर डिंकासारख्या साक्याने अडकणे हे नेहमीचे आहे. याच्या उलट निष्कर्ष मात्र तितक्या सहजपणे काढता येत नाही. केवळ सीएनजीवर मिसिंग येत असेल तर गॅसचा फिल्टर किंवा दाब उतरवणारा रेड्युसर दोषी असू शकतो, पण सीएनजीतील मिथेन पेटवायला पेट्रोलपेक्षा अधिक जोरकस ठिणगी लागत असल्याने झिजलेला प्लगही आधी सीएनजीवरच उघडा पडतो. म्हणून अशा गाडीत गॅसकिटला हात लावण्याआधी प्लग काढून पाहणे शहाणपणाचे. दोन्ही इंधनांवर सारखेच मिसिंग येत असेल तर इंधनव्यवस्था सोडून द्यावी आणि ठिणगी, चोरटी हवा व दाब यांकडे वळावे.

भारतात बीएस-४ मानकांच्या काळात, २०१३ पासून, नव्या मोटारींत ओबीडी-२ ही स्वयंनिदान व्यवस्था आली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी ती अधिक काटेकोर केली. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा लहानसा अ‍ॅडॉप्टर खोचला की मोबाइलवर दोषांचे क्रमांक वाचता येतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०४ म्हणजे चौथ्यात, पी०३०० म्हणजे कधी येथे तर कधी तेथे, आणि पी०१७१ म्हणजे मिश्रण विरळ. संगणक हे कसे ओळखतो? क्रँकशाफ्टवरील दातेरी चकतीचे दाते सेन्सरसमोरून जाण्यास किती वेळ घेतात हे तो मोजतो आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला चकती किंचित मंदावते त्याच्या नावावर चूक मांडतो. थोडक्यात, अनुभवी मिस्त्रीचा कान जे करतो तेच तो आकड्यांत करतो. त्यामुळे त्याला कोणता सिलिंडर चुकला हे कळते, का चुकला हे कळत नाही, आणि पावसाळ्यातल्या शीव-पनवेल महामार्गासारख्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून येणारे धक्केही त्याला कधीकधी मिसिंगसारखे वाटू शकतात. पी०३०३ दिसला म्हणून तिसरी कॉइल मागवणे याला निदान म्हणता येणार नाही. डॅशबोर्डवरील इंजिनाचा चेक लाइट नुसता पेटला असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते, पण तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबावे, कारण न जळलेले इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणाऱ्या सिरॅमिकच्या जाळीत जाऊन पेटते आणि ती महागडी जाळी वितळवते.

स्कॅनर नसला तरी गप्प सिलिंडर शोधता येतो. चालू इंजिनात एकेका इंजेक्टरचा विद्युत जोड क्षणभर काढून परत लावला असता चांगल्या सिलिंडरच्या वेळी रेस लगेच उतरते, आणि ज्याचा जोड काढूनही काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच गप्प असतो. पूर्वी यासाठी प्लगची वायरच ओढून काढत. आज ते करू नये, कारण कॉइलचा दाब २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत जातो, माणसाला जबर झटका बसू शकतो, कॉइल जळू शकते आणि कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. दुसरी खूण एक्झॉस्टच्या नळ्यांची आहे: थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात प्रत्येक नळीवर पाण्याचा थेंब टाकला किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला तर गप्प सिलिंडरची नळी इतरांपेक्षा स्पष्टपणे थंड आढळते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर टेकवून मुठीला कान लावल्यास त्याची टिकटिकही ऐकू येते. टिकटिक नसेल तर वायर, जोड किंवा इंजेक्टर यांपैकी एक गेलेला असतो. हा प्रयोग करताना फिरत्या पट्ट्यांपासून केस आणि ओढणी दूर राहील याची काळजी घ्यावी.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढावा. प्लगच्या टोकावरील रंग हा ज्वलनाचा अहवालच असतो: फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट किंवा ठिणगी कमजोर, ओलसर तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन ऑइल वर चढते आहे, पांढरे फोड आलेले टोक म्हणजे मिश्रण विरळ किंवा तापमान जास्त. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा प्लग मुळातच पांढुरका दिसतो, त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. ती बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी, केसासारखी काळी रेघ दिसली तर तेथून ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटते आहे असे समजावे. यानंतरची चाचणी फुकट आहे आणि तिच्याइतकी निर्णायक चाचणी क्वचितच असेल: संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर आणि शेजारची येथे लावावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी. जागेवरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करावी, आणि त्यानंतरही तो हलला नाही तर ठिणगीचा विषय मिटवावा. प्लग परत बसवताना पहिले काही आटे हातानेच फिरवावेत, कारण प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि तिरपा बसलेला प्लग आटे खाऊन टाकतो.

मल्टिमीटरचे काम थोडक्यात उरकते. इंजिन बंद असताना बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली नाही आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवत असेल तर पुढे जावे. नसेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग पाहावे, कारण अपुऱ्या व्होल्टेजवर संगणक आणि कॉइल दोन्ही भलतेच वागतात.

व्हॅक्यूम गेजची जागा आजच्या गॅरेजांतून जवळजवळ उठली आहे, आणि हे नुकसान मोठे आहे. चालू इंजिन थ्रॉटलच्या अरुंद फटीतून हवा ओढत असल्याने इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा सिलिंडरांना वाटून देणाऱ्या नळ्यांत, निर्वात दाब तयार होतो. तो गेजवर पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो, आणि नवी मुंबई जवळजवळ समुद्रसपाटीवर असल्याने पुस्तकातील आकडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. तीच गाडी ६२२ मीटर उंचीवरील लोणावळ्यात मोजली तर हवेचा दाबच कमी असल्याने काटा सुमारे दोन इंच खाली दिसतो आणि इंजिन मात्र ठणठणीत असते. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर हवेची गळती किंवा उशिराचे टाइमिंग, ठरावीक अंतराने झटक्याने पडत असेल तर जळालेला व्हॉल्व्ह, आणि रेस देऊन अडीच हजार फेऱ्यांवर धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर कोंदलेला कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर, असा त्याचा अर्थ लावतात. गळतीची जागा शोधण्यासाठी अनेकजण ज्वालाग्राही क्लीनरचा फवारा मारतात आणि ते धोक्याचे आहे. साध्या पाण्याच्या बारीक फवाऱ्यानेही फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. स्कॅनर जवळ असेल तर फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात करत असलेली टक्केवारीतील वाढघट, या निष्कर्षाला दुजोरा देतो: आयडलिंगला मोठी वाढ आणि अडीच हजार फेऱ्यांवर ती ओसरणे ही चोरट्या हवेची खूण, तर भार पडताच वाढणे ही कमजोर पंपाची किंवा चोंदलेल्या फिल्टरची.

ठिणगी, इंधन आणि हवा निर्दोष ठरल्यावर राहतो तो दाब. गरम इंजिनातले सर्व प्लग काढून, इंधनपंपाचा फ्यूज आणि कॉइलचे जोड सोडवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा आणि प्रत्येक भोकात कॉम्प्रेशन गेज बसवून पाच-सहा ठोके होईपर्यंत सेल्फ मारावा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १२० ते १८० पीएसआय दरम्यान आकडा येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. समजा १७०, १६५, ९० आणि १६८ असे वाचन आले, तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा १४० वर गेला तर तेलाने पिस्टन रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे रिंगा झिजल्या आहेत. ९०च्या आसपासच राहिला तर गळती व्हॉल्व्हमधून आहे, जी सीएनजीच्या कोरड्या ज्वलनाने व्हॉल्व्हच्या बैठकी झिजलेल्या गाड्यांत विशेष आढळते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र खाली आले असतील तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट उडालेले असते.

याच चाचणीत पावसाळ्याची एक जुनी जखमही सापडते. सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर हे शहर वसवताना भरतीच्या वेळचे पाणी साठवण्यासाठी धारण तलाव राखले, तरी मुसळधार पावसात भुयारी मार्गांतून आणि तळमजल्यांत पाणी शिरतेच; २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, महानगर प्रदेशातील असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असताना सेल्फ मारला तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी काढल्यावर अशी गाडी सुरू होते, पण पिस्टन पूर्ण वर पोचत नसल्याने त्या सिलिंडरचा दाब कायमचा कमी राहतो आणि तेल घालूनही तो विशेष वाढत नाही. म्हणून बुडालेल्या गाडीचे प्लग काढण्यापूर्वी किल्ली फिरवू नये. आणि सर्व चाचण्या चोख निघूनही थरथर राहिलीच तर इंजिन ज्या रबरी माउंटिंगांवर बसवलेले असते ती तपासावीत. माउंटिंग बसले असेल तर निरोगी इंजिनाची थरथरही केबिनमध्ये मिसिंगसारखी जाणवते.

वरील सर्व आकडे सामान्य मर्यादा सांगतात, एकेका गाडीचा स्वभाव सांगत नाहीत. म्हणून गाडी सुरळीत असतानाच एकदा व्हॅक्यूमचा आकडा, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, बॅटरीचे व्होल्टेज आणि प्लग बदलल्याचे किलोमीटर मोजून सर्व्हिस पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहून ठेवावेत, आणि पुढे कधी गाडी गॅरेजमध्ये न्यावी लागली तर ते पान मिस्त्रीला आधी दाखवावे.